एकच पडदा, महिन्याचं पत्रक आणि मधले स्थानिक कार्यक्रम: गणित कसं बसवायचं?

एकपडदा

दीडशे खुर्च्यांचं थिएटर, एक पडदा, २के डिजिटल प्रोजेक्टर, ५.१ आवाज, रोजचे चार खेळ. पुढच्या तीन महिन्यांत नव्या चित्रपटांच्या मधेच चार गोष्टी बसवायच्या आहेत: स्थानिक लघुपटांची संध्याकाळ (दहाएक फिल्म्स), एका चित्रपटानंतर दिग्दर्शकाशी प्रश्नोत्तरं, शाळेसाठी सकाळचा खेळ, आणि मोठा आवाज किंवा गडद अंधार सोसत नाही अशा मुलांसाठी शांत खेळ.

अडचण अशी की पत्रक महिनाअखेरीस छापायला जातं, आणि नव्या चित्रपटाचे खेळ किती, कुठल्या वेळेला, हे वितरकाकडून ऐन आठवड्यात ठरतं. पत्रकात काय छापावं, काय छापू नये? आणि तांत्रिक तयारी किती दिवस आधी सुरू करायची? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

खेळवाटप

आधी कार्यक्रमांचा वार पक्का करा, चित्रपट नंतर. ज्या वारी खुर्च्या रिकाम्या राहतात तो एक वार महिन्यातून दोनदा कार्यक्रमांसाठी राखून ठेवा आणि नव्या चित्रपटाचा करार करतानाच वितरकाला तसं लेखी कळवा. मोठ्या चित्रपटाचा वितरक पहिल्या आठवड्याचे, कधी दोन आठवड्यांचे, सगळे खेळ मागतो. करार झाल्यावर 'मंगळवारी संध्याकाळी पडदा आमचा' म्हणायला गेलात तर तो ऐकणार नाही, आणि त्याचं चुकतंय असंही नाही.

पत्रकात दोन भाग करा. कार्यक्रम तारीख-वेळेसकट छापा. नवे चित्रपट फक्त 'या महिन्यात' म्हणून, वेळेशिवाय. वेळा दर आठवड्याला फलकावर आणि संकेतस्थळावर. छापलेली वेळ बदलली की तिकीटखिडकीवर पुढचे पंधरा दिवस तोच वाद चालतो.

आता मिनिटं. १२८ मिनिटांचा चित्रपट घ्या. जाहिराती आणि ट्रेलर १२, लोक बाहेर पडणं आणि झाडलोट २०, आत सोडणं १०. एक खेळ म्हणजे १७० मिनिटं. चार खेळांचे ११ तास २० मिनिटं. सकाळी १० ला दारं उघडली तर रात्री ९:२० ला सगळं आवरतं. यात प्रश्नोत्तरांची ३० मिनिटं आणि माइक लावण्या-काढण्याची १० मिनिटं घातली की रात्रीचे १० वाजतात, तेही काहीच उशिरा सुरू झालं नाही तर. म्हणून त्या दिवशी तीनच खेळ लावा. चौथा कोंबला तर पाहुणे बोलत असताना पुढच्या खेळाचे लोक दाराबाहेर उभे असतात, आणि पाहुण्यांना ते दिसतं.

हक्कांचं एक वाक्य, कारण दरवेळी कुणीतरी विसरतं: घरी बघायला घेतलेली डिस्क किंवा ऑनलाइन वर्गणी थिएटरात दाखवण्याचा हक्क देत नाही. तिकीट लावलं नाही म्हणून ते खासगी होत नाही. जुन्या चित्रपटाची फाइल एकाकडे आणि हक्क दुसऱ्याकडे असं सर्रास असतं. दाखवण्याची परवानगी हक्कवाल्याकडून लेखी, तारखेसकट घ्या, आणि ती हाती येईपर्यंत नाव छापू नका.

केबिनमधून

तांत्रिक बाजू. नव्या चित्रपटात बहुतेक घोळ फाइलचे नसतात, केडीएमचे असतात.

केडीएम म्हणजे कुलूप उघडणारी किल्ली. ती तीन गोष्टींना बांधलेली असते: तुमच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र, त्या चित्रपटाची विशिष्ट आवृत्ती (सीपीएल), आणि वेळेची खिडकी. यातलं एक जुळलं नाही तरी पडदा काळाच.

मीडिया ब्लॉक (सर्व्हरचा कुलूप उघडून चित्र-आवाज पुढे देणारा भाग) दुरुस्तीत बदलला तर प्रमाणपत्र बदलतं. नवं प्रमाणपत्र सगळ्या वितरकांना त्याच दिवशी पाठवा, नाहीतर पुढच्या सगळ्या किल्ल्या जुन्या यंत्राच्या नावाने येतील. सबटायटल असलेली आवृत्ती पुष्कळदा पूरक फाइल (व्हीएफ) म्हणून येते. ती जेमतेम काही एमबीची असते आणि मूळ फाइल (ओव्ही) सर्व्हरवर नसेल तर चालत नाही. किल्ली मात्र पूरक आवृत्तीच्या सीपीएलची लागते, मूळची नाही. आणि खिडकीची वेळ कुठल्या टाइमझोनमध्ये लिहिली आहे ते वाचा. सर्व्हरचं सुरक्षित घड्याळ मनाला येईल तसं मागेपुढे करता येत नाही. किल्ली खेळाच्या २४ तास आधी उघडेल अशी मागून घ्या, म्हणजे आदल्या रात्री शेवटच्या खेळानंतर चाचणी करता येते. चाचणीत पहिली पाच मिनिटं, मधला एक तुकडा आणि शेवटची पाच मिनिटं बघा. सबटायटल येतात का, पाचही बाजूंचा आवाज येतो का, पडद्याच्या कडा बरोबर आहेत का.

कॉपीचा वेळ धरा. डीसीपीमध्ये (डिजिटल थिएटरसाठी बांधलेला चित्रपटाच्या फाइल्सचा संच) चित्राचा वेग सेकंदाला कमाल २५० मेगाबिट, म्हणजे दोन तासांना जास्तीत जास्त २२५ जीबी. यूएसबी २ वरून सेकंदाला ३० एमबी धरले तर २०० जीबीला सुमारे १ तास ५० मिनिटं, वर पडताळणी वेगळी. खेळ चालू असताना काही सर्व्हर कॉपीचा वेग मुद्दाम कमी करतात. म्हणून डिस्क शुक्रवारी सकाळी आली तर शुक्रवारच्या पहिल्या खेळाचं काही खरं नाही.

लघुपटांसाठी फाइल्स निदान दहा दिवस आधी मागवा. त्यांची डीसीपी करायला डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. सगळ्या फिल्म्स एकाच चौकटीत करा, फ्लॅट १९९८×१०८०. नाहीतर दर फिल्मला लेन्स आणि बाजूचे काळे पडदे हलवत बसावं लागेल. १९२०×१०८० ची फाइल ताणून १९९८ करू नका, दोन्ही बाजूंना ३९-३९ पिक्सेल काळे राहू द्या. स्कोप (जास्त रुंद चौकटीची) फिल्म या चौकटीत वर-खाली काळी पट्टी घेऊन बसते, चित्राची उंची साधारण ८३६ राहते.

फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं: २५ ची फिल्म २४ वर चालवली की चार टक्के लांबते, १०० मिनिटांची १०४ होते. चालतं. ३० ची फिल्म २४ वर तशीच संथ करणं मात्र अशक्य. सर्व्हर एसएमपीटीई डीसीपी (डीसीपीचा नवा प्रकार) नीट चालवत असेल तर ३० लाच ठेवा, नसेल तर करणाऱ्याकडूनच २४ ची फाइल मागा.

आवाजात खरी गंमत आहे. ऑनलाइनसाठी मिसळलेला आवाज थिएटरच्या मानाने सहज १० डेसिबल किंवा जास्त चढा असतो. फेडर (थिएटरच्या आवाजाची पातळी ठरवणारं बटण) नेहमीच्या ७ वर ठेवला तर पहिल्याच संवादाला लोक कान झाकतील. ७ वरून ४ वर आणलं की १० डेसिबल उतरतात. पण दर फिल्मला फेडर हलवण्यापेक्षा डीसीपी करतानाच पातळी उतरवा, केबिनमधल्या माणसाला फिल्मचं पहिलं वाक्य कधी येतं ते माहीत नसतं. मोनो संवाद असेल तर तो मधल्या चॅनेलवर टाका. डाव्या-उजव्यावर विभागून ठेवला तर कडेच्या खुर्चीवाल्याला माणूस पडद्याच्या टोकाला उभं राहून बोलतोय असं वाटतं.

एकपडदा

दहा फिल्म्सची डीसीपी करण्यापेक्षा लॅपटॉपवरून एचडीएमआयने सरळ चालवल्या तर?

तिसरी घंटा

चालवता येतात, अनेक जण तेच करतात, आणि एका संध्याकाळीपुरतं ते वाईट नाही. अटी मात्र पाळा. दहा फिल्म्स एकाच फाइलमध्ये जोडा, मधे चार-चार सेकंद काळं. लॅपटॉप चार्जरवर, स्लीप बंद, सूचना बंद, इंटरनेट बंद. प्रोजेक्टरवर त्या इनपुटचा रंग रेक ७०९ (साध्या एचडी व्हिडिओचं रंगमानक) निवडलाय का बघा, डीसीपीचा एक्सवायझेड राहिला तर चेहऱ्यांचे रंग उघडउघड चुकतात. केबल लांब असेल, १५ मीटरच्या पुढे, तर साधी तांब्याची केबल दगा देते. चित्र सेकंदभर जातं आणि येतं. ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. आवाज ओठांच्या मागेपुढे होतो, तो साउंड प्रोसेसरमधल्या डिलेने जुळवा. टाळी वाजवणाऱ्या माणसाचा छोटा व्हिडिओ यासाठी जवळ ठेवावा.

केबिनमधून

यातलं सगळं खरं, तरी माझं मत डीसीपीच. लॅपटॉप अडला तर डेस्कटॉप दीडशे लोकांना पडद्यावर दिसतो.

शेवटची रांग

प्रश्नोत्तरं आणि शांत खेळाबद्दल लिहिते.

थिएटरचे मुख्य स्पीकर पडद्यामागे असतात. पडद्यापुढे उभ्या माणसाचा माइक त्याच स्पीकरांना जोडला की शिट्टी वाजणारच. दोन छोटे वेगळे स्पीकर बाजूला, पाहुण्यांच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा. माइकवर १०० हर्ट्झखालचा आवाज कापा. माइक तीन: पाहुणा, संवादक, आणि प्रेक्षकांत फिरणारा. फिरणारा माइक कार्यकर्त्याने हातातच धरायचा, प्रेक्षकाच्या हाती दिला की परत येत नाही. श्रवणयंत्रांसाठी लूप (आवाज थेट यंत्रात पोचवणारी तार) असेल तर हा मिक्सर लूपलाही जोडा. हे हमखास राहतं: लूप प्रोसेसरला जोडलेला असतो, माइक वेगळ्या स्पीकरांवर, आणि यंत्र 'टी'वर ठेवून बसलेल्या माणसाला अख्ख्या गप्पांतलं काही ऐकू येत नाही. चित्रपट संपताच प्रोजेक्टरचा डाउझर (प्रकाश अडवणारी झडप) बंद करा, नाहीतर पाहुण्यांच्या डोळ्यांवर झोत येतो. दिवा मात्र विझवू नका, पुढे खेळ असेल तर पुन्हा पेटवण्यात उगाच वेळ जातो.

शांत खेळ: दिवे मंद पण चालू, फेडर ५ च्या आसपास, जाहिराती-ट्रेलर शून्य. त्यामुळे छापलेल्या वेळेला चित्रपटच सुरू होतो, हे पत्रकात ठळक लिहा. तिकिटं निम्मीच विका, म्हणजे उठून फिरायला, जागा बदलायला वाव राहतो. बाहेर एक शांत कोपरा ठेवा. स्वच्छतागृहातले हात वाळवायचे यंत्र बंद करून कागद ठेवा, त्या आवाजाने मुलं थिएटरपेक्षा जास्त दचकतात. दाराची स्प्रिंग आदळत असेल तर आधी दुरुस्त करा. आणि चित्रपट आधी बघून पालकांसाठी अर्धं पान काढा: किती मिनिटांचा, कितव्या मिनिटाला स्फोट किंवा रडारड, लुकलुकता प्रकाश कुठे.

एकपडदा

सगळ्यांचे आभार. शाळेच्या खेळाला वेगळं काही?

खेळवाटप

फारसं नाही. मुलं खेळ सुरू व्हायच्या ३० मिनिटं आधी बोलवा, दीडशे मुलं खुर्चीत बसायला तेवढी लागतात. शिक्षक दर रांगेच्या टोकाला. चित्रपटाच्या सेन्सॉर प्रमाणपत्राची वयोमर्यादा शाळेला लेखी कळवा. आणि आदल्या रात्रीच्या शेवटच्या खेळाचा फेडर कुठे सोडलाय ते सकाळी बघून घ्या.