रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि अंग तर ठणकायलंय, फायब्रोमायल्जियावाले कुणी आहे का इथं?

परभणीची_बाई:
नमस्कार मंडळी. वय ४१, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चार वर्षं झाली, मान, खांदे, कंबर, मांड्या, एक जागा सोडली नाही दुखण्यानं आणि सकाळी उठलं की असं वाटतंय रातभर कापूसच वेचून आले. बांगड्या काढून ठेवल्यात, मनगटाला त्यांचा भार सोसत नाही. फळ्यावर हात वर जात नाही म्हणून खालच्या अर्ध्यातच लिहिते, वरचा कोराच राहतो, पोरांना सवय झाली आता. रक्त झालं, आमवाताची टेस्ट झाली, एमआरआय झाला, साडीच्या दुकानाची पिशवी भरलीय रिपोर्टनी, सगळं नॉर्मल. एका दवाखान्यात तर डॉक्टर माझ्याकडं बघितले पण नाहीत, नवऱ्यालाच म्हणाले मॅडम टेन्शन घेतात, कुठं फिरवून आणा. शेवटी संभाजीनगरला संधिवाताच्या डॉक्टरनी फायब्रोमायल्जिया सांगितलं तेव्हा मी तिथंच रडले, निदान नाव तर सापडलं. पण सासूबाई म्हणायल्यात आमच्या टायमाला असले आजार नव्हते, आणि शाळेत खालच्या मजल्यावरचा वर्ग मागितला तर म्हणे अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणा. मिळतं का ते? आणि आपलं दुखणं खरं मानावं लोकांनी म्हणून करावं तरी काय?

लातूरकर_७२:
ताई, माझ्या मिसेसला सहा वर्षं झाली. सर्टिफिकेटसाठी उगं सिव्हिलच्या चकरा मारू नका. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ह्या आजाराचं नाव नाही. असायला पाहिजे ही आपली मागणी, पण आज नाही. त्यापेक्षा डॉक्टरकडून आजाराचं पूर्ण नाव आणि एम ७९.७ हा कोड लिहून घ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतला आहे, आणि खाली जिने चढणं टाळावं, फार वेळ उभं राहू नये असं साफ लिहायला लावा. आमच्या कागदावर आधी नुसतं 'बॉडी पेन' असायचं, त्याला कोण विचारतंय.

शेतकरी_बीड:
राग मानू नका पण आमच्याकडं बाया दिवसभर सोयाबीन काढतात, त्यांना नाही होत हे. बसून काम असलं की होतंय असलं.

फिजिओ_नांदेड:
होतं की दादा. त्या सांगत नाहीत, मेडिकलवरून गोळी आणतात आणि गिळून परत रानात जातात. माझ्याकडं येतात ना अशा बाया.

हे बघा, तोंड आलेलं असलं की साधं वरण पण झोंबतंय, वरणात मिरची जास्त नसते. तसंच इथं मज्जारज्जू आणि मेंदूच दुखणं वाढवून दाखवायलेत, स्नायूत-हाडात बिघाड नाही, मग एमआरआयमधे दिसणार काय? १९९० मधे १८ जागा दाबून ११ दुखल्या की हा आजार म्हणायचे. २०१० पासूनच्या निकषात अंगाच्या १९ भागांपैकी कुठं कुठं दुखतंय ते विचारतात, शिवाय झोप, थकवा, विसरभोळेपणा, आणि हे तीन महिने तरी पाहिजे. थायरॉइड, बी१२, डी तेवढं बघून घ्यायचं, कारण त्यानं पण अंग दुखतंय.

ताई, स्टिरॉइडच्या सुयांचा ह्यात उपयोग नाही. प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन ह्या गोळ्या काहींना लागू पडतात, चक्कर येते किंवा वजन वाढतं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरला सांगून कमी करा. सगळ्यात भरवशाचा व्यायामच, पण दहा मिनिटं चालण्यापासून, आणि एक दिवस बरं वाटलं म्हणून गोधड्या धुवायला काढायच्या नाहीत.

शेतकरी_बीड:
भावजय दोन वर्षं झाली असंच म्हणती, आम्ही हसण्यावारी नेलं. संभाजीनगरला नंबर लावावा लागतो का आधी?

परभणीची_बाई:
हो दादा, आधी फोन करून जा, आणि जुने रिपोर्ट सगळे न्या नाहीतर परत त्याच टेस्टा करायला लावतील. फिजिओ मॅडम, गोधड्यांचं कसं कळलं तुम्हाला 😄 दिवाळीत चार धुतल्या आणि आठ दिवस पडून होते.
१२ मे ला ह्या आजाराचा जागृती दिवस असतो म्हणे, तेव्हा सुट्ट्याच असतात, आमच्या तालुक्याच्या आशाताईंसमोर बोलायचं म्हणते, घरोघरी त्याच जातात. लातूरकर दादा, मिसेसच्या त्या कागदाचा फोटो टाकता का, नाव झाकून? सोमवारी हेडसरांना दाखवायचाय.