नवीन प्राथमिक शाळेचं घोडं नक्की अडतं कुठे?

दप्तर_तयार
आम्ही या नव्या वस्तीत राहायला आलो तेव्हा लेक पाळण्यात होती, आता ती पहिलीत जाईल. घर घेताना नकाशात शाळेचा प्लॉट दाखवला होता, तिथे "प्रस्तावित प्राथमिक शाळा" असा बोर्डपण आहे, फक्त आता त्यातलं "प्रस्तावित" तेवढं वाचता येतं, बाकीचा रंग उडालाय. जवळची जुनी शाळा खचाखच भरलीये, तिथे लायब्ररीच्या खोलीत वर्ग भरतोय. दर मीटिंगला एकच उत्तर, "प्रक्रिया सुरू आहे". शेजारी बारा मजली टॉवर बघता बघता उभे राहतात आणि दोन मजल्यांची शाळा होत नाही हे मला खरंच कळत नाही. कोणी या कामातलं असेल तर सांगा की नक्की कुठे अडतं आणि पालकांनी कुणाला काय विचारायचं. "राजकारण" एवढा एकच शब्द लिहून जाऊ नका प्लीज, तो आम्हाला पण माहितीये.

ओळंबा
सिव्हिलमध्ये आहे, दोन शाळांची कामं केलीयत. प्रत्यक्ष बांधकाम हा यातला छोटा भाग असतो, वर्ष-दीड वर्षात उरकतं. त्याआधीच गाडी रुतते. तुमचा प्लॉट नकाशात शाळेचा आहे म्हणजे तो शाळेच्या खात्याच्या नावावर आहे असं धरून चालू नका. बऱ्याचदा करारात असतं की इतकी घरं राहती झाली की मग बिल्डर जागा ताब्यात देणार, आणि ती पण सपाट करून, रस्ता, पाणी, ड्रेनेज, वीज हद्दीपर्यंत आणून. यातलं एक जरी राहिलं तरी खातं म्हणतं आम्ही ताबा घेत नाही, बिल्डर म्हणतो आम्ही तर द्यायला तयार आहोत, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात! त्यानंतर मोजणी, माती परीक्षण, डिझाइन, मंजुऱ्या, मग टेंडर. तोवर एस्टिमेट जुनं झालेलं असतं, मटेरियल महागलेलं असतं, सगळ्या निविदा अंदाजाच्या वर येतात की चालली फाइल परत वाढीव मंजुरीला. त्यात माती परीक्षणात भराव निघाला तर पाया बदला, पाया बदलला की एस्टिमेट परत पहिल्यापासून.
टॉवरचं म्हणाल तर तिथे पैसे लावणारा आणि निर्णय घेणारा एकच असतो, शाळेत तसं नसतं.

चिडका_बिब्बा
सरकारी काम अन् सहा महिने थांब. इथे सहा वर्षं. मोर्चा काढा, उद्या पाया खणतील.

मोजपट्टी
ओळंबा यांच्याशी सहमत, पण त्याच्याही आधीची एक भानगड आहे. मी बरीच वर्षं नियोजनाच्या टेबलावर काढली. आज जन्मलेलं मूल साधारण सहा वर्षांनी पहिलीत येतं, म्हणजे जन्मनोंदीवरून आकडा आधीच कळायला हवा, बरोबर? जुन्या वस्तीत कळतोही. पण नव्या वस्तीतली निम्मी पोरं जन्मलेली असतात दुसरीकडे आणि दोन-तीन वर्षांची होऊन इथे येतात, त्यांची नोंद तुमच्या भागात नसतेच. आम्ही मागच्या वर्षांचा पट बघून पुढचा अंदाज काढायचो आणि तो दरवेळी कमी पडायचा. पैसे देणारे म्हणतात आधी मुलं दाखवा मग शाळा देऊ, तोपर्यंत मुलं लांबच्या शाळेत जातात आणि तिथल्या पटावर मोजली जातात. इथे मात्र शून्य!
आणि एक भीती असते जी मीटिंगमध्ये कोणी उघड बोलत नाही. नव्या वस्तीत सगळी जोडपी साधारण एकाच वयाची, पोरंही एकदमच शाळेत येतात आणि एकदमच बाहेर पडतात. पंधरा वर्षांनी वर्ग ओस पडले तर? म्हणून हात आखडता घेतात. भीती अगदीच खोटी नाही, पण त्याची किंमत आत्ताच्या पोरांनी मोजायची हे काही पटत नाही मला.
एक करा, घरोघर जाऊन मुलांचं वय लिहा, शून्य ते सहा, वर्षवार. नावं नकोत, फक्त आकडे. तो कागद मोर्चापेक्षा जड असतो.

रंगीत_खडू
मी शिक्षिका. तुम्हाला "तोपर्यंत तात्पुरते वर्ग देतो" असं सांगतील, आणि गरज असेल तर घ्याच, पण लेखी मुदत घेऊन. आमच्याकडे "एका वर्षासाठी" म्हणून मैदानात केबिन ठेवल्या, त्या वर्षी पहिलीत आलेली पोरं चौथी पास होऊन गेली तरी केबिन तिथेच. कारण केबिन आल्या की ओरड थांबते आणि ओरड थांबली की फाइल खाली जाते. शिवाय वर्ग वाढले तरी संडास आणि पाण्याचे नळ तेवढेच राहतात, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मधल्या सुट्टीतली अर्धी वेळ रांगेत जाते लहान पोरांची, आणि मैदान तर गेलेलंच असतं.

चिडका_बिब्बा
म्हणूनच म्हणतो ना, आकडे गोळा करत बसण्यापेक्षा दबाव आणा, झटपट बांधतील.

ओळंबा
@चिडका_बिब्बा दबाव आणा की, पण टेंडरपर्यंत. बांधकाम सुरू झाल्यावर घाई नको. एडिनबरोमध्ये जानेवारी २०१६ च्या वादळात एका प्राथमिक शाळेची भिंत कोसळली, पोरं शाळेत यायच्या आधी पडली म्हणून वाचली. मग तपासणी झाली आणि १७ शाळा बंद ठेवाव्या लागल्या. भिंतीच्या दोन थरांना जोडणारे धातूचे टाय नीट आतपर्यंत घातलेच नव्हते आणि काम चालू असताना साइटवर कुणी धड बघितलं नव्हतं. वरून प्लॅस्टर रंग सगळं झकास.

दप्तर_तयार
सगळ्यांचे आभार. काल "शाळा कधी होणार" न विचारता सरळ विचारलं की जागेचा ताबा कोणत्या तारखेला घेतला. साहेब दोन मिनिटं कागद चाळत बसले. ताबा घेतलेलाच नाही! ड्रेनेजची लाइन प्लॉटच्या अलीकडेच थांबलीये आणि ती कुणी पुढे न्यायची यावर पत्रापत्री चालू आहे. म्हणजे आम्ही इतके दिवस शाळा मागत होतो आणि अडलंय गटाराच्या पाइपवर. त्या पत्रांच्या कॉपीसाठी अर्ज दिलाय. वयांची मोजणी रविवारपासून, तीन इमारतींना माणसं मिळालीत.
@मोजपट्टी भाडेकरूंची मुलं मोजायची ना? इथे काही जण म्हणतायत ती धरू नका.

मोजपट्टी
मोजायची म्हणजे काय, आधी तीच मोजा. घरमालक बदलत नाही पण भाडेकरू बदलतात, आणि नवीन येणारे बहुतेक लहान पोरं घेऊनच येतात.