मदत हवी आहे: मालिका संपल्यावर येणाऱ्या लोगोची भीती का वाटते?

नमस्कार मंडळी,

सध्या सहा वर्षांच्या लेकीबरोबर 'बिविच्ड' ही जुनी अमेरिकी मालिका बघतोय. गोष्ट चेटकिणीची, पण पोरगी खिदळत असते. भाग संपून 'स्क्रीन जेम्स' या निर्मिती कंपनीचा लोगो आला, की मात्र कानांवर हात ठेवून थेट गोधडीत! दिसतं काय, तर पट्टे आणि ठिपका जुळून झालेला 'एस'. सोबत एरिक सिडेची सिंथेसायझरवरची चमत्कारिक धून.

शोधलं तर कळलं, 1965 च्या या लोगोला अमेरिकेत 'नरकातला एस' म्हणतात. वायकॉम या दुसऱ्या अमेरिकी टीव्ही कंपनीचा 1976 चा अंगावर धावून येणारा 'व्ही'ही तसाच बदनाम.

हसणार होतो, पण मीही दूरदर्शनचा तो डोळा फिरत जुळायच्या आत आजीच्या पदराआड जायचो. धून पंडित रविशंकरांची, तरीही!

हे आवाजामुळे होतं, की माणूसच न दिसता काहीतरी जवळ येतं म्हणून? ध्वनी किंवा बालमानसशास्त्रातलं कुणी आहे का इथे? आणि तोवर आवाज बंद करू, की तिला सवय होऊ देऊ?