चीनच्या तांग राजवटीतल्या काव्यातील पिओनी आणि चार ओळींचा घाट

प्रश्न : सम्राज्ञी वू त्सथ्येनने भर हिवाळ्यात सगळ्या फुलांना फुलण्याची आज्ञा दिली असता एकट्या पिओनीने ती मोडली आणि म्हणून तिला राजधानीतून लुओयांग शहराला हद्दपार केले, अशी आख्यायिका आहे. मग हेच फूल दरबारी वैभवाचे प्रतीक कसे ठरले?

उत्तर १ : राजधानी छांगआनला पिओनीचे वेडच होते. बाणेदारपणाचा अर्थ मला नंतर जोडलेला वाटतो. कवी ली पाइच्या तीन कवितांत तर पिओनी सम्राटाची लाडकी यांग ग्वेफेई हिच्या रूपाशी एकजीव होते.

उत्तर २ : सहमत, पण घाटही पाहावा. आठ ओळींच्या ‘ल्यूश’मध्ये ओळींच्या मधल्या दोन जोड्या समांतर, म्हणजे शब्दाला शब्द जुळणाऱ्या, असाव्याच लागतात, चार ओळींच्या ‘च्युएच्यू’त ते बंधन नाही. तरीही कवी ल्यू यूशीने पिओनीवरच्या आपल्या च्युएच्यूत पहिल्या दोन ओळी समांतर ठेवून कमळालाही उणे ठरवले आणि उरलेल्या मोकळ्या ओळींत पिओनीच्या बहराने अवघी राजधानी हलवली. किती नेमकी रचना!