रेल्वेची अप्रेंटिसशिप झाली आहे. भरतीपर्यंत थांबावे की कोल्ड स्टोरेजची नोकरी घ्यावी? (सोमवारपूर्वी मदत हवी आहे)

तापीकाठ
नमस्कार. भुसावळला रेल्वेची एक वर्षाची अप्रेंटिसशिप पूर्ण करून मी पाच महिन्यांपासून घरी आहे. रावेर तालुक्यातील एका केळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मला काम मिळत असून मालकांनी सोमवारपर्यंत होकार किंवा नकार मागितला आहे. वडिलांचे म्हणणे असे की, रेल्वेत वीस टक्के जागा अप्रेंटिसशिप केलेल्या मुलांसाठी राखीव असताना खासगी नोकरीत अडकू नये. मला मात्र आता घरी बसवत नाही. कृपया दोहोंपैकी काय करावे एवढेच स्पष्ट सांगावे. अभ्यास कसा करावा हा सल्ला आत्ता नको आहे.

सातपुडा_पायथा
भाऊ, एवढ्या माहितीवर ठाम उत्तर कोण देणार? ट्रेड कोणता, वय किती, अप्रेंटिसशिपनंतरची परीक्षा उत्तीर्ण होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात आले आहे का, कोल्ड स्टोरेजमध्ये नेमके काम काय आणि किती तासांचे, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. प्रमाणपत्र नसेल तर राखीव जागांचा विचारच करता येणार नाही.

निवृत्त_फिटर_भुसावळ
बाळा, मी भुसावळच्या कारखान्यात एकतीस वर्षे काढली आहेत आणि तुझे वडील बरोबर सांगत आहेत. दरमहा ठरल्या दिवशी पगार, कुटुंबाला रेल्वेचे रुग्णालय, प्रवासाचा पास आणि म्हातारपणी पेन्शन हे कोणता खासगी मालक देईल? एक-दोन वर्षे कळ काढ. आमच्या वेळीही लोक थांबलेच होते.

जळगाव_एमआयडीसी
काका, आपला अनुभव मोठा आहे, परंतु या मुलाच्या पिढीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. १ जानेवारी २००४ पासून रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय पेन्शन योजना आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासून ज्या एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय मिळाला आहे, तिच्यात निम्म्या वेतनाइतक्या पेन्शनसाठी किमान २५ वर्षांची सेवा लागते. दुसरे म्हणजे, ते वीस टक्के आरक्षण लेव्हल-१ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनस्तराच्या पदांपुरते आहे आणि परीक्षा त्यातही द्यावीच लागते. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने शिकवणाऱ्या आस्थापनेवर नोकरी देण्याचे बंधन घातलेले नाही. आणि "एक-दोन वर्षे" म्हणाल, तर लेव्हल-१ ची २०१९ मध्ये जाहीर झालेली भरती परीक्षेपर्यंत पोहोचायला ऑगस्ट २०२२ उजाडले, तर त्यानंतरची ३२,४३८ पदांची जाहिरात जानेवारी २०२५ मध्ये आली. इतकी वर्षे हा मुलगा काय खाणार?

निवृत्त_फिटर_भुसावळ
पेन्शनची दुरुस्ती मला मान्य आहे. तरीही जी मुले खासगी कामाला लागली, त्यांतली बहुतेक पुन्हा पुस्तकाकडे वळलेली मी पाहिली नाहीत, आणि माझी भीती तीच आहे.

तापीकाठ
ट्रेड इलेक्ट्रिशियन, वय २४, प्रमाणपत्र आले आहे. काम रायपनिंग चेंबर (केळी पिकवण्याची बंद खोली) आणि कॉम्प्रेसर सांभाळण्याचे आहे. पगार सोळा हजार सांगितला आहे. पेन्शनचा वाद नंतर करावा ही विनंती, आज शुक्रवार आहे.

इंजिनचालक_व्हायचंय
इलेक्ट्रिशियन ट्रेड असेल तर लेव्हल-१ ची वाट कशाला पाहता? असिस्टंट लोको पायलटची (सहायक इंजिनचालकाची) तयारी करा, मी तेच करत आहे. काम जबाबदारीचे आहे आणि वेतनही त्याहून चांगले आहे.

सातपुडा_पायथा
त्या पदाला चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची ६/६ दृष्टी लागते, हे सांगायचे राहिले. तापीकाठ, तुम्हाला चष्मा आहे का?

तापीकाठ
आहे. लहानपणापासून आहे.

केळी_बागायतदार_यावल
मी म्हणतो नोकरीच कशाला हवी? टिश्यू कल्चरची ग्रँड नैन जातीची केळी लावा, ठिबक करा, साधारण वर्षभरात माल निघतो. निर्यातीचा माल झाला तर भावही वेगळा मिळतो.

तापीकाठ
दादा, आमच्याकडे शेती नाही. वडील केळीच्या गाडीवर हमाली करतात. तीस वर्षे घड वाहून त्यांची पाठ गेली आहे, म्हणून मुलाने त्याच केळीच्या धंद्यात जाऊ नये असे त्यांना वाटते. हे आधीच लिहायला हवे होते.

चेंबर_ऑपरेटर_सावदा
हे वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. मी नऊ वर्षे हेच काम करतो आहे आणि तुझ्या वडिलांना एवढेच सांगावेसे वाटते की, हे हमालीचे काम नाही. हिरवी केळी साधारण १३ ते १४ अंशांवर ठेवतात. तापमान त्याखाली उतरले तर आतला गर चांगला असूनही साल काळपट पडते आणि तो माल कोणी उचलत नाही. पिकवताना बंद चेंबरमध्ये ठरावीक प्रमाणात इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सोडावा लागतो, आणि कार्बन डायऑक्साइड साचून पिकणे मंदावू नये म्हणून ठरलेल्या वेळी हवा बदलावी लागते. रात्री दोन वाजता वीज गेली, जनरेटरने भार घेतला नाही किंवा पॅनेलमधला कॉन्टॅक्टर (वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटला, तर लाखोंचा माल त्या एका इलेक्ट्रिशियनच्या हातात असतो. सेन्सर खरे वाचतो की खोटे, हे चेंबरचे दार उघडल्याबरोबर अंगाला कळायला दोन उन्हाळे जातात, परंतु एकदा कळले की नाशिक असो वा वाशी, त्या माणसाला काम मिळते.

मात्र होकार देण्यापूर्वी मालकांना काही गोष्टी समोरासमोर विचार. पाळी आठ तासांची की बारा तासांची? बारा तासांची असेल तर परीक्षेचा अभ्यास होणार नाही, निवृत्त काकांची भीती खरी ठरेल. आवक कमी असते त्या महिन्यांत पगार चालू राहतो की घरी बसवतात? नेमणूकपत्र लेखी मिळेल का? वीस किंवा अधिक कामगार असतील तर भविष्य निर्वाह निधी बंधनकारक आहे, तो कापला जातो का? आणि थंड करणाऱ्या यंत्रणेत वायू अमोनिया आहे की फ्रिऑन? अमोनिया विषारी असतो, तो असेल तर मुखवटा आणि गळतीच्या वेळी काय करायचे याचे प्रशिक्षण मिळाल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकू नकोस.

जळगाव_एमआयडीसी
उत्तम लिहिले आहे. यात एकच भर घालतो. आयटीआयवाल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, जळगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे, त्याचाही विचार करावा.

सातपुडा_पायथा
दिवसभराचा डिप्लोमा आणि सोळा हजारांची नोकरी एकत्र कशी जमेल? या मुलाने सोमवारचा प्रश्न विचारला आहे, त्याला आणखी तिसऱ्या रस्त्यावर नेऊ नये. तारतंत्री (वायरमन) परवाना काढून ठेवणे मात्र त्याला नोकरीत राहूनही जमेल आणि पुढे स्वतंत्र कामे घेताना उपयोगी पडेल.

धुळ्याची_ताई
माझा भाऊ असाच भरतीसाठी पाच वर्षे थांबला. तो आळशी नव्हता, रोज पहाटे उठून मैदानावर धावायचा, परंतु घरात कमावत नसल्याचे ओझे त्याला इतके झाले की शेवटच्या परीक्षेला तो नीट झोपूनही गेला नाही. पुढे एका दुकानात अर्धा दिवस काम करू लागल्यावर त्याचा अभ्यास उलट सुधारला. वडिलांना एकदा ते चेंबर दाखवायला घेऊन जा, भाऊ. तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांनी स्वतः पाहिलेले बरे.

तापीकाठ
आज रविवारी वडिलांना सोबत घेऊन मालकांना भेटलो. पाळी बारा तासांचीच होती. मी परीक्षेचे खरे कारण सांगितल्यावर त्यांनी चौदा हजारांत आठ तासांची रात्रपाळी देऊ केली. कामगार अठराच असल्याने भविष्य निर्वाह निधी नाही. पगार बारा महिने मिळेल, हे मात्र नेमणूकपत्रात लिहून देणार आहेत. वडील पॅनेलसमोर बराच वेळ उभे होते आणि ऑपरेटरला त्यांनीच दोन-तीन प्रश्न विचारले. उद्या होकार कळवतो आणि पुढची जाहिरात आली की अर्जही भरतो. सर्वांचे मनापासून आभार.

चेंबर_ऑपरेटर_सावदा
दोन हजार सोडून तास घेतलेस, हे योग्य केलेस. अमोनिया की फ्रिऑन, हे विचारलेस का?

तापीकाठ
ते विचारायचे राहिले. उद्या सकाळी सही करण्याआधी विचारतो.