प्रचार माणसाला पटवतो, की एकटे पाडतो?

धागालेखक

जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या '१९८४' या कादंबरीत चॉकलेटच्या शिध्याचा एक छोटा प्रसंग आहे. आठवड्याचा शिधा ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर आणल्याचे जाहीर होते, आणि दुसऱ्याच दिवशी तो २० ग्रॅमपर्यंत 'वाढवल्याबद्दल' लोकांनी आभाराच्या मिरवणुका काढल्याची बातमी येते. कालचा आकडा आपल्या एकट्यालाच आठवतो आहे की काय, असा प्रश्न नायक विन्स्टनला पडतो.

ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर सोव्हिएत संघातला एक प्रकार पाहावा. एकेकाळचा गुप्त पोलीसप्रमुख बेरिया याला डिसेंबर १९५३मध्ये मृत्युदंड दिला गेला. त्यानंतर तिथल्या सरकारी विश्वकोशाच्या वर्गणीदारांना नवी पाने पाठवण्यात आली. पाचव्या खंडातली २१ ते २४ ही पाने, त्यांतल्या बेरियाच्या छायाचित्रासह, कात्रीने किंवा ब्लेडने कापून त्या जागी बेरिंग समुद्राची माहिती असलेली नवी पाने चिकटवावीत, अशी सूचना सोबत होती. कापण्याचे काम वाचकाकडूनच करवून घेतले गेले, हे मला सर्वांत भयंकर वाटते; कारण ज्याने स्वतःच्या हाताने पान कापले, तो उद्या त्या पानाबद्दल कोणाजवळ तोंड उघडेल? म्हणून माझे मत असे, की खोटे गळी उतरवण्यापेक्षा माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडवणे, हेच प्रचाराचे मुख्य काम आहे.

प्रतिसाद १

असहमत. कादंबरीतली माणसे लेखकाच्या मुठीत असतात, खरी माणसे कोणत्याही सरकारच्या मुठीत इतकी कधीच नसतात. पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू असताना, फेब्रुवारी १९८२मध्ये, श्विदनिक या गावात संध्याकाळी साडेसातच्या सरकारी बातम्या सुरू झाल्या, की लोक घराबाहेर पडून रस्त्यावर फिरू लागत. काहींनी तर दूरचित्रवाणी संच पडदा रस्त्याकडे करून खिडकीत ठेवले होते. ज्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला आहे, ती माणसे असे वागतील का?

धागालेखक

आपले उदाहरण मोलाचे आहे, आणि माझे विधान त्यामुळे मला दुरुस्त करावे लागते. श्विदनिकच्या लोकांचा त्या बातम्यांवर आधीही विश्वास नसणार. नवे घडले ते इतकेच, की शेजाऱ्याचाही विश्वास नाही हे प्रत्येकाला रस्त्यावर डोळ्यांनी दिसले. तेव्हा आठवण पुसण्यापेक्षाही, तीच आठवण असलेल्या दोघांची गाठ पडू न देणे, हे प्रचाराला अधिक साधते.

प्रतिसाद २

आपण दोघेही न पटणाऱ्या प्रचाराबद्दलच बोलत आहात. रवांडात जुलै १९९३मध्ये सुरू झालेले आरटीएलएम हे नभोवाणी केंद्र लोक आवडीने ऐकत, कारण त्यावर चांगले संगीत आणि मोकळ्या गप्पा असत. त्याच गप्पांमधून तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाला 'झुरळे' म्हटले जाई, आणि १९९४च्या नरसंहारात माणसांची नावे आणि लपण्याच्या जागाही सांगितल्या गेल्या. तिथे श्रोत्याला एकटे पाडले नव्हते. 'आपण सगळे एक आहोत' या उबेवरच ते केंद्र चालले. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ साली त्याच्या संस्थापकांना दोषी ठरवले, पण तोवर नऊ वर्षे उलटून गेली होती. करड्या भिंती आणि भीतिदायक पडदे रंगवणाऱ्या कादंबऱ्या वाचून आपण प्रचार ओळखायला शिकतो, असे म्हणणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते.

प्रतिसाद १

तरीही, तेच प्रसारण कानावर पडत असताना बहुसंख्य हुतू समाजातल्या काहींनी तुत्सी शेजाऱ्यांना स्वतःच्या घरात लपवले, हे विसरू नये.

धागालेखक

ते खरे आहे, आणि प्रतिसाद २ मधला आक्षेपही मला मान्य आहे; मारणाऱ्यांना त्या केंद्राने एकत्रच आणले. पण ज्यांनी शेजाऱ्याला लपवले, त्यांना चार घरांपलीकडेही कोणी असेच कोणाला लपवून बसले आहे, हे कळायला कोणताही मार्ग नव्हता, आणि नभोवाणीवर ते कोणी सांगणार नव्हते.