घरातल्या मारहाणीची बातमी: प्रेसनोटच्या पलीकडे काय विचारायचं?

तालुका_वार्ताहर (यवतमाळ जिल्हा):
ठाण्यातून येणारी नोट चार ओळींची असते: "चारित्र्यावर संशय घेऊन पतीने पत्नीस काठीने मारहाण केली, आरोपीने कबुली दिली." तेवढ्यावरच बातमी लागते. बाईचं नाव द्यायचं का? नवी कलमं कशी लिहायची? आठशे वस्तीच्या गावात "पीडित महिला" लिहिलं तरी ती कोण हे सगळ्यांना कळतेच. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

डेस्कवरचा:
भाऊ, आधी त्या नोटेत कोण बोलतंय ते बघा. "चारित्र्याचा संशय" हे कारण बहुतेक वेळा अटकेतल्या नवऱ्यानं सांगितलेलं असतं. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात त्याच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही (भारतीय साक्ष अधिनियम, कलम २३). आपण मात्र तीच मथळ्यात चढवतो. बाई मेलेली असेल तर तिच्या बाजूनं बोलायला कोणी उरत नाही, आणि गावात चर्चा होते ती तिच्या वागण्याची.

मथळा साधा ठेवा: "पत्नीचा खून, पतीला अटक". कारण द्यायचंच असेल तर खालच्या परिच्छेदात, "पोलिसांच्या म्हणण्यानुसार" जोडून, आणि लगेच पुढे माहेरच्या फिर्यादीत काय आहे ते. "क्षुल्लक कारणावरून", "रागाच्या भरात", "भाजीत मीठ कमी पडल्याने" हे शब्द कॉपीतून काढाच. मीठ त्या दिवशी कमी पडलं असेल, मार आधीपासून चालू असतो. म्हणून ठाणेदाराला एक प्रश्न न चुकता विचारा: या घरातून आधी कधी अदखलपात्र तक्रार किंवा ११२ या आपत्कालीन नंबरवर कॉल आला होता का? "दोनदा तक्रार, समज देऊन सोडले" असं निघालं तर खरी बातमी तीच.

वकील_तालुका_कोर्ट:
१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते. जुन्या दंड संहितेतला ४९८-अ (नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून छळ) आता कलम ८५, क्रूरतेची व्याख्या ८६ मध्ये. हुंडाबळी ८०, आत्महत्येस प्रवृत्त करणे १०८. त्याआधीच्या घटनेला जुनीच कलमं लागतात, तिथं नवा आकडा टाकू नका. मृत्यू असेल तर लग्नाची तारीख विचारा. लग्नापासून सात वर्षांच्या आतला संशयास्पद मृत्यू आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ असेल, तर ८० चा विचार होतो.

नावाबद्दल: कलम ८५ मध्ये नाव छापायला सरसकट बंदी नाही. बलात्काराच्या गुन्ह्यात मात्र कलम ७२ प्रमाणे ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. बाई मरण पावली म्हणून ती मोकळीक मिळत नाही. चूक नेमकी इथं होते: फिर्यादीत छळासोबत भासऱ्यानं (नवऱ्याच्या मोठ्या भावानं) लैंगिक अत्याचार केल्याचं असतं, वार्ताहर बाईचं नाव गाळतो आणि भासऱ्याचं नाव, गाव, नातं सगळं छापतो. मग लपलं काय? अशा वेळी तिघांपैकी काहीच नको, तालुक्यावर थांबा.

एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावरही मिळते, पण संवेदनशील गुन्ह्यांची तिथं टाकत नाहीत.

तालुका_वार्ताहर:
आणि अटक झाली नाही तर? "पोलिसांचे अभय" असा मथळा हमखास येतो.

वकील_तालुका_कोर्ट:
घाई नको. कलम ८५ ला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा अर्नेश कुमार निकाल आहे. "चौकशीला हजर राहण्याची नोटीस दिली का, कोणत्या तारखेला?" एवढं विचारा. नोटीसही नसेल तर मग खुशाल लिहा.

समुपदेशक_ताई:
गावात जाण्याआधी हे वाचा. दुसरी बाजू हवी म्हणून नवऱ्याला लगेच फोन लावू नका. बाई बोलली हे त्याला तुमच्याकडूनच कळतं. ती आधी सुरक्षित जागी पोचली का, हे संरक्षण अधिकाऱ्याकडून (घरगुती हिंसाचार कायद्याखाली नेमलेला) किंवा सखी केंद्रातून (हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) समजून घ्या, पण ती जागा छापू नका. माहेरचं गाव, दवाखान्याचा वॉर्ड, लेकरांची शाळा, दारातल्या ट्रॅक्टरचा फोटो, सगळ्यावरून माणूस सापडतो. अंकाची पीडीएफ सकाळीच गावच्या ग्रुपवर पडते, हे धरूनच लिहा. पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) कोलामी बोलणाऱ्या बाईशी बोलताना दुभाष्या सासरचा नको, आशाताईंना विचारा.

जळीत प्रकरणात जपा. पहिला जबाब "स्टोव्हचा भडका उडाला" असा येतो, कारण खाटेजवळ सासरचीच माणसं उभी असतात. पुढे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब वेगळा निघू शकतो. म्हणून "अपघात" असा निवाडा देऊ नका, "पहिल्या जबाबात असे म्हटले आहे" असं लिहा. पेशंट नागपूरला हलवलं आणि तिथंच मृत्यू झाला तर मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) तिथल्या ठाण्यात दाखल होतो, कागद इकडे मागून येतात. तेवढ्या दिवसांत बातमी हातातून सुटते. मर्ग क्रमांक तिथूनच घेऊन ठेवा.

फवारणीचं औषध घेतलं की "पोटदुखीला कंटाळून" हे ठरलेलं वाक्य येतं. ते कोणी सांगितलं, हे विचारल्याशिवाय छापू नका. औषधाचं नाव आणि प्रमाण तर नकोच. खाली टेलि-मानस ही मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, द्या.

मारहाणीच्या प्रत्येक बातमीखाली १८१ या महिला हेल्पलाइनची ओळ हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मध्ये हिंसा सोसलेल्यांपैकी १४ टक्के बायकांनीच मदत मागितल्याचं दिसतं. बाकीच्यांपैकी कोणी तुमचा अंक वाचत असेल. कोणत्याही उत्पन्नाच्या बाईला तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, हेही लिहा. आपल्याकडे हे फार थोड्यांना माहीत आहे.

डेस्कवरचा:
एक राहिलं. गुन्हा क्रमांक डायरीत टिपा. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली अर्ज झाला असेल तर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी, आणि त्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कलम १२ सांगतं. एकसष्टाव्या दिवशी कोर्टात जाऊन पुढची तारीख विचारा. संरक्षण आदेश निघूनही नवरा दारात येत असेल तर तो कलम ३१ चा वेगळा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याची वेगळी बातमी करा.